देव मानत नाही, मग तोंडातून ‘अरे देवा’ का निघतं?

गेल्या वर्षीची गोष्ट. बाबांची बायपास सुरू होती. पुण्यातल्या एका रुग्णालयात, लिफ्टसमोरच्या खुर्च्यांवर आम्ही चौघं बसलो होतो. आई, मी, धाकटी बहीण आणि साताऱ्याहून पहाटेच्या एसटीनं आलेली आत्या. चार तास लागतील असं सांगितलं होतं, साडेपाच झाले होते. आईच्या हातात जपमाळ, माझ्या हातात फोन. एकच बातमी मी वीस वेळा उघडली असेन, वाचली एकदाही नाही. शेवटी दार उघडलं, हिरव्या कपड्यातले डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, ‘‘झालं व्यवस्थित. तासाभरानं आयसीयूत बघता येईल.’’

माझ्या तोंडून निघालं, ‘‘देवा! सुटलो.’’

आत्यानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. ‘‘काय म्हणालास?’’

‘‘कुठं काय.’’

‘‘आलास ना ताळ्यावर? वेळ आली की सगळ्यांना आठवतो तो.’’

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षापासून मी देव मानत नाही. घरात सगळ्यांना हे माहीत आहे. गणपतीत मी आरतीला उभा राहतो, टाळ्या वाजवतो, मोदक तर सगळ्यात जास्त खातो. हात मात्र जोडत नाही, आणि त्यावरून दरवर्षी एकदा तरी आवाज चढतो. त्यामुळे आत्याचा टोला नुसता चेष्टेतला नव्हता. इतकी वर्षं हा जे सांगत आला ते वरवरचं होतं, असा त्याचा सरळ अर्थ होता. आणि त्या वेळी माझ्याकडे उत्तर नव्हतं.

नंतर ऑफिसात हा किस्सा सांगितला तेव्हा कळलं की या पेचात मी एकटा नाही. ‘देवाशप्पथ सांगतो, मी देव मानत नाही’ हे वाक्य आमच्याच डेस्कवर एकानं अगदी गंभीर चेहऱ्यानं उच्चारलेलं आहे. त्याला त्यात काय विनोदी आहे ते कळायलाही दोन मिनिटं लागली.

मग हे होतं कसं? न मानणाऱ्याच्या तोंडी देव येतो, तेव्हा तो नेमकं काय म्हणत असतो?

असे लोक आहेत तरी किती?

कागदावर फारच थोडे. 2011 च्या जनगणनेत स्वतःला स्पष्टपणे निरीश्वरवादी म्हणवणारे देशभरात जेमतेम 33 हजार निघाले. त्यातले सर्वाधिक, म्हणजे साडेनऊ हजारांच्या वर, महाराष्ट्रातले होते. धर्मच न सांगणाऱ्यांची संख्या मात्र 28 लाखांच्या पुढे होती. अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरनं 2021 साली भारतातला एक मोठा अहवाल प्रसिद्ध केला. जवळपास 30 हजार लोकांशी बोलून केलेल्या त्या पाहणीत 97 टक्के भारतीयांनी देवावर विश्वास असल्याचं सांगितलं.

आता या दोन आकड्यांकडे भाषेच्या बाजूनं बघा. ज्या समाजात शंभरातले 97 जण देव मानतात, तिथली रोजची बोली त्या 97 जणांनीच घडवलेली असणार. उरलेल्या तिघांना वेगळी मराठी कुठून मिळणार? ते त्याच घरात, त्याच अंगणात बोलायला शिकले. मत बदललं विसाव्या वर्षी, पण जीभ तयार झाली तिसऱ्या वर्षी.

आई, बाप आणि मग देव

हा लेख लिहायचं ठरलं तेव्हापासून दोन आठवडे मी फोनच्या नोट्समध्ये टिपत होतो. आजूबाजूला कोण कधी काय उद्गारतं? याला अभ्यास म्हणू नका, पण एक गंमत दिसली.

टेबलाच्या कोपऱ्याला गुडघा आपटला की ‘आई गं!’. घरभाड्याचा आकडा ऐकला की ‘बाप रे!’. आणि रात्रीच्या ड्युटीला ऐन वेळी सर्व्हर बसला, लोकल डोळ्यांसमोरून गेली, पोरानं भरलेलं ताट पालथं केलं की ‘अरे देवा!’. म्हणजे दुखलं की आई, अवाढव्य काही दिसलं की बाप, आणि आपल्या हातात काही उरलं नाही की देव. उद्गारांची ही वाटणी श्रद्धाळू आणि अश्रद्ध अशी नाहीच, ती भावनेच्या जातीप्रमाणे आहे. रोज देवळात जाणारा माणूसही पायाला ठेच लागल्यावर देवाला नाही, आईलाच हाक मारतो.

आणि खरं तर ती हाकही नसते. ‘आई गं’ म्हणणाऱ्याची आई गावाला असते, कधी कधी या जगातही नसते. त्याला कुणी अडवून विचारत नाही, ‘आई तर इथं नाही, मग कुणाला बोलावतोस?’. ‘बाप रे’ म्हणणाऱ्याच्या वडिलांची चौकशी होत नाही. हिशेब मागितला जातो तो फक्त ‘अरे देवा’चा.

उद्गार सोडा, साध्या बोलण्यातही तेच. मराठीत कामाचा ‘श्रीगणेशा’ होतो आणि शेवटी ‘इतिश्री’. नोकरीला ‘रामराम ठोकतात’, बेचव गोष्टीत ‘राम नसतो’, हमखास औषध ‘रामबाण’ असतं, आणि माझ्या पहिल्या नोकरीत शुक्रवारी संध्याकाळी घाईनं चढवलेला कोड ‘रामभरोसे’ असायचा. तो चढवणाऱ्यांत दोन पक्के नास्तिक होते. लोक पैसे ‘स्वाहा’ करतात, सोपं काम अवघड वाटेनं केलं की त्याला ‘द्राविडी प्राणायाम’ म्हणतात. यातला एकेक शब्द गाळून महिनाभर बोलून दाखवा, आणि मग भेटा.

पंचांगाचंही तसंच. शनिवार म्हटल्यानं कुणी शनीची उपासना करत नाही. सूर्य उगवला असं आपण सगळेच म्हणतो, खगोलशास्त्राचे प्राध्यापकसुद्धा. फिरते ती पृथ्वी, हे पाचवीतल्या मुलालाही ठाऊक असतं, पण ‘पृथ्वीचा आपला भाग प्रकाशाकडे वळला’ असं म्हणत कुणी चहा टाकत नाही.

डॉ. श्रीराम लागूंचं उदाहरण या बाबतीत मला फार आवडतं. देवाला आता निवृत्त करायची वेळ आली आहे, असं ते उघड सांगत आणि लिहीत राहिले. त्यावरून महाराष्ट्रात मोठं वादळही उठलं. पण नाटकाच्या पाटीवर नाव शेवटपर्यंत श्रीरामच राहिलं. ते बदला असं कुणी म्हटलं नाही, आणि त्यांनाही तशी गरज वाटली नाही. नाव आई-वडिलांनी दिलेलं असतं. भाषाही त्यांनीच दिलेली असते.

मेंदूत काय घडतं?

इथं थोडं मागे, 1861 सालच्या पॅरिसमध्ये जावं लागेल. पॉल ब्रोका या डॉक्टरकडे एक रुग्ण आला. नाव लबोर्न. वीसेक वर्षांपासून त्याची वाचा गेलेली. समोरच्याचं त्याला बरंच कळायचं, पण काहीही विचारलं तरी तोंडातून एकच आवाज यायचा, ‘तां, तां’. रुग्णालयात त्याचं नावच तां पडलं होतं. त्याच्या मृत्यूनंतर ब्रोकानं मेंदू तपासला. डाव्या बाजूच्या पुढच्या भागात इजा सापडली. बोलण्याचं काम मेंदूचा कोणता भाग करतो, हे समजण्याची सुरुवात या रुग्णापासून झाली. मेंदूच्या त्या भागाला आजही ब्रोकाचं नाव आहे.

पुस्तकात इथपर्यंतचं असतं. ब्रोकाच्या टिपणात आणखी एक गोष्ट आहे. आपले हातवारे समोरच्याला कळले नाहीत की लबोर्न चिडायचा, आणि चिडला की त्याच्या तोंडून एक शिवी स्पष्ट बाहेर पडायची. ती शिवी होती देवाच्या पवित्र नावाची. ज्याला ‘पाणी’ म्हणता येत नव्हतं, त्याला देवाचं नाव घेऊन शिवी हासडता येत होती.

हे कसं? ब्रिटिश मेंदूविकारतज्ज्ञ जॉन ह्युलिंग्ज जॅक्सन यांनी पुढच्या काही वर्षांत याची फोड केली. त्यांच्या मते बोलणं दोन प्रकारचं असतं. एक, विचार करून रचलेलं. ‘उद्या पाऊस पडेल असं मला वाटतं’ यासारखं, ज्यात आपण काही तरी दावा करतो. दुसरं आपोआप बाहेर पडणारं. उद्गार, शिव्या, पाठ झालेले आकडे, नमस्कार-चमत्कार. पक्षाघातानं पहिलं बोलणं पुसलं गेलं तरी दुसरं अनेकदा शाबूत राहतं. घरात असा रुग्ण असेल तर तुम्ही हे पाहिलंही असेल. मुलाचं नाव आठवत नाही, पण ‘अरे देवा’ किंवा ठेवणीतली शिवी ठणठणीत येते.

माझ्यासारख्या इंजिनिअरला हे लगेच पटतं. कॉम्प्युटरमध्ये मुख्य प्रोग्रॅम चालू असताना अचानक काही घडलं, तर तो तिथल्या तिथे थांबवून आधीच लिहून ठेवलेला छोटा तुकडा चालवला जातो. मुख्य प्रोग्रॅमचं त्या बाबतीत मत विचारलं जात नाही. ‘अरे देवा’ हा असा तुकडा आहे. देव आहे की नाही याचा विचार करणारा माझा प्रोग्रॅम तेव्हा थांबलेला असतो. (उपमा आहे, मेंदू म्हणजे प्रोसेसर नव्हे, हे मलाही माहीत आहे.)

मग तो तुकडा बदलून का टाकू नये? ‘देवा’च्या जागी दुसरा शब्द बसवायचा, विषय संपला. ब्रिटनमधल्या कील विद्यापीठातले रिचर्ड स्टीफन्स यांच्या प्रयोगांकडे या दृष्टीनं बघण्यासारखं आहे. 2009 साली त्यांनी विद्यार्थ्यांना बर्फाच्या पाण्यात हात घालायला लावला. शिवी पुटपुटणाऱ्यांना तो हात जास्त वेळ पाण्यात ठेवता आला. या प्रयोगाला पुढच्याच वर्षी इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस. 2020 मध्ये त्यांनी पुढचं पाऊल टाकलं. शिवीसारखे वाटणारे दोन कोरे करकरीत शब्द तयार केले आणि तेच म्हणायला लावले. ऐकायला गमतीदार, पण वेदना कमी करायला निरुपयोगी. खऱ्या, जुन्या शिवीनंच काम केलं.

हे प्रयोग शिव्यांवरचे आहेत, देवाच्या नावावरचे नाहीत. पण दिशा स्पष्ट आहे. अशा शब्दाला वजन येतं ते लहानपणापासून त्याच प्रसंगी, त्याच सुरात ऐकल्यामुळे. ते समिती नेमून बनवता येत नाही. मी स्वतः आठवडाभर ‘अरे देवा’ऐवजी ‘अरे निसर्गा’ म्हणून पाहिलं. तिसऱ्या दिवशी बहिणीनं, बरा आहेस ना, असं विचारलं.

मग आत्या म्हणाली ते खोटंच का?

प्रकरण इतकं सोपं असतं तर हा लेख इथंच संपवला असता. पण फिनलंडमधल्या हेलसिंकी विद्यापीठात एक प्रयोग झाला आहे आणि तो माझ्या बाजूनं नाही.

मार्याना लिंडेमन आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये प्रसिद्ध केलेल्या या प्रयोगात श्रद्धाळू आणि नास्तिक अशा दोन्ही गटांना काही वाक्यं मोठ्यानं वाचायला लावली. ‘देवा, हिंमत असेल तर माझ्या आई-वडिलांना बुडवून दाखव’ या धर्तीची. बोटांना तारा लावलेल्या होत्या. ताण आला की त्वचेला किंचित घाम येतो आणि तिच्यातून वीज अधिक सहज वाहते, तेवढा फरक यंत्र टिपतं. नास्तिकांनी सांगितलं, आम्हाला फारसं काही वाटलं नाही. यंत्रानं सांगितलं, दोघांनाही सारखाच घाम फुटला.

‘आई-वडिलांचं वाईट चिंतणं कुणालाही नकोसं वाटेल, त्यात देवाचा काय संबंध?’ असं तुम्ही म्हणाल. संशोधकांनाही तेच वाटलं. म्हणून दुसऱ्या फेरीत नास्तिकांना देवाला आव्हान देणारी वाक्यं आणि त्याच दुर्घटनांची नुसती इच्छा व्यक्त करणारी वाक्यं, अशी दोन्ही वाचायला दिली. घाम देवाच्या वाक्यांनाच जास्त आला. सहभागी लोक मोजकेच होते, तेही एकाच देशातले, त्यामुळे यावरून जगभरच्या नास्तिकांचा निकाल लावता येणार नाही. पण शब्द नुसता पोकळ डबा असतो, हे माझं लाडकं उत्तर इथं अडतं. डब्याला तळाशी जुना वास राहतो.

यातून नास्तिक मनातून श्रद्धाळूच असतो हे सिद्ध होतं का? मला नाही वाटत. उंच इमारतीच्या काचेच्या जमिनीवर उभं राहिलं की काच फुटणार नाही हे माहीत असूनही पाय लटपटतात. त्या लटपटीला कुणी तुमचं स्थापत्यशास्त्रावरचं मत म्हणत नाही. अंगाची भीती आणि डोक्यातलं मत या दोन वेगळ्या नोंदी आहेत.

आत्याचा मुद्दा तसा जुनाच आहे. भगतसिंग यांनी 1930 साली लाहोरच्या तुरुंगात ‘मी नास्तिक का आहे’ हा लेख लिहिला, तेव्हा त्यांनाही एकानं हेच बजावलं होतं की शेवटच्या दिवसांत तू देव मानू लागशील. फाशी समोर दिसत असताना त्यांनी लेखी उत्तर दिलं की तसं होणार नाही, आणि झालं तर तो आपल्याला कमीपणा वाटेल. लक्षात घ्या, ते मताबद्दल बोलत होते. कोठडीत ठेच लागल्यावर तोंडून काय निघालं असतं, याबद्दल नाही.

रशियात काय झालं?

देवाविरुद्ध सत्ताच उभी राहिली तर भाषेतला देव जातो का? सोव्हिएत संघात हे सत्तर वर्षं घडत होतं. चर्च बंद झाले, पाद्र्यांना तुरुंगात टाकलं, शाळांतून निरीश्वरवाद शिकवला गेला. पण रशियन माणूस रोज दहा वेळा आभार मानताना जो शब्द वापरतो, तो ‘स्पासीबो’, मुळात ‘देव तुला तारो’ असा आहे. पक्षाच्या बैठकांतही तोच चालला. रविवारला रशियनमध्ये म्हणतात ‘वस्क्रेसेन्ये’, म्हणजे ख्रिस्ताचं पुनरुत्थान. 1929 मध्ये सरकारनं सात दिवसांचा आठवडाच मोडला, सगळ्यांची रविवारची सुट्टी काढून घेतली. 1940 मध्ये ती परत द्यावी लागली. ती आली तीही त्याच नावानं.

आपल्या शेजारी गोव्यात याचं जुळं भावंड आहे. कोंकणीत आभार मानायला म्हणतात ‘देव बरें करूं’. हिंदू म्हणतो, ख्रिस्ती म्हणतो, आणि दोन्ही न मानणाराही म्हणतोच, कारण दुसरं काही म्हटलं तर ते परक्यासारखं वाटतं. इंग्रजीतल्या ‘गुडबाय’मध्ये ‘देव तुझ्यासोबत असो’ दडलेलं आहे आणि स्पॅनिश ‘आदिओस’मध्ये ‘देवाच्या हवाली’. स्पेनमध्ये तर याहून पुढची गंमत. ‘असं होवो’ या अर्थाचा तिथला ‘ओहाला’ हा शब्द अरबीतून आला, त्यात ‘अल्ला’ आहे. कॅथलिक स्पॅनिश आजी नातवासाठी चांगलं चिंतताना शेकडो वर्षं अल्लाचं नाव घेते आहे आणि तिला त्याचा पत्ताही नाही.

पण सगळे शब्द असे फुकट नसतात

इथं एक फरक करायला हवा, आणि माझ्या मते सगळा पेच या फरकाजवळ सुटतो. उद्गार निसटतो. पण अभिवादन आणि शपथ निसटत नाहीत, त्या आपण समोरच्याला देतो.

महाराष्ट्रात अभिवादनावरून माणूस ओळखला जातो. ‘राम राम’, ‘सलाम’, ‘माऊली’, ‘जय महाराष्ट्र’, ‘लाल सलाम’, ‘जय भीम’ यातला प्रत्येक शब्द आपण कुठे उभे आहोत ते सांगतो. एके काळी गावगाड्यात महारांना वरच्या जातींपुढे वाकून ‘जोहार’ घालावा लागे. ‘जय भीम’ त्याच्या जागी आला. तो रुजवण्याचं श्रेय कामठीच्या बाबू हरदास एल. एन. यांना दिलं जातं. तिथं शब्द बदलणं म्हणजे मान ताठ करणं होतं. ‘शब्दांत काय आहे’ असं त्या लोकांना कोण म्हणू शकेल? ‘अरे देवा’ आणि ‘जोहार’ यांना एकाच मापानं मोजता येत नाही.

शपथेची गोष्ट तर चक्क तुरुंगापर्यंत गेली आहे. 1880 साली चार्ल्स ब्रॅडलॉ हा जाहीर नास्तिक ब्रिटनच्या संसदेत निवडून आला. देवाच्या नावानं शपथ घेण्याऐवजी साधी प्रतिज्ञा करू द्या, असं त्यानं म्हटलं. सभागृह नाही म्हणालं. मग ब्रॅडलॉनं माघार घेतली. शपथेतले ते शब्द माझ्या दृष्टीनं निरर्थक आहेत, पण उच्चारतो, असं त्यानं कळवलं. तर तेही नामंजूर! जो हे शब्द पोकळ मानतो त्याला ते उच्चारू कसे द्यायचे, असा सवाल. त्याला ज्या घड्याळाच्या मनोऱ्यात एक रात्र डांबलं, तो म्हणजे आपण फोटोत बघतो तो लंडनचा बिग बेनचा मनोरा. मतदारांनी त्याला पुन्हा पुन्हा निवडून दिलं, तरी बसायला जागा मिळाली ती 1886 मध्ये. दोन वर्षांनी त्यानंच रेटलेला कायदा झाला आणि देवाचं नाव न घेता प्रतिज्ञा करण्याचा हक्क सर्वांना मिळाला.

हाच ब्रॅडलॉ 1889 च्या डिसेंबरमध्ये मुंबईला काँग्रेसच्या अधिवेशनासाठी आला होता. भारताचे प्रश्न तो ब्रिटिश संसदेत इतके मांडायचा की त्याला ‘भारताचा खासदार’ म्हणत. 1891 मध्ये तो गेला, तेव्हा अंत्यविधीला हजर असलेल्यांत लंडनमध्ये शिकणारे मोहनदास गांधी नावाचे विद्यार्थीही होते.

आपल्या राज्यघटनेनं हा घोळ सुरुवातीलाच निस्तरला. मंत्री, आमदार, खासदार यांच्या शपथेच्या नमुन्यात दोन पर्याय शेजारी-शेजारी छापलेले आहेत. ईश्वराच्या नावानं शपथ घ्या, नाही तर गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करा. न्यायालयातल्या साक्षीदारासाठीही 1969 च्या शपथ कायद्यात हेच दोन पर्याय आहेत. सिनेमात दिसतो तसा कोणताही ग्रंथ त्या नमुन्यात नाही. प्रतिज्ञा करून खोटं बोललात तरी शिक्षा तीच. पुढच्या शपथविधीचं लाइव्ह बघाल तेव्हा कान देऊन ऐका, कोण कोणता पर्याय घेतं ते कळतं.

घटनेच्या उद्देशिकेवरही असाच प्रसंग आला होता. 17 ऑक्टोबर 1949 रोजी एच. व्ही. कामत यांनी सुचवलं की सुरुवात ‘ईश्वराच्या नावानं’ अशी व्हावी. विरोध करणाऱ्यांत देव मानणारेही होते. श्रद्धा ही ज्याची त्याची गोष्ट, ती सगळ्यांच्या वतीनं लिहायची कशी, हा त्यांचा आक्षेप. मतदान झालं. बाजूनं 41, विरोधात 68. देवाच्या नावाचा निर्णय मतमोजणीनं झाल्याची उदाहरणं जगात फार नसावीत.

मुंबई उच्च न्यायालयातही हा विषय आला आहे. नाशिकच्या एका शिक्षकानं शाळेच्या प्रार्थनेत हात जोडायला नकार दिला, त्यापायी त्याची वेतनश्रेणी अडली. 2013 मध्ये न्यायालयानं सांगितलं, अशी सक्ती करता येणार नाही. पुढच्याच वर्षी दुसऱ्या एका प्रकरणात त्याच न्यायालयानं म्हटलं की ‘माझा कोणताही धर्म नाही’ असं सांगण्याचा हक्क प्रत्येकाला आहे.

त्या शिक्षकाच्या तोंडून वर्गात कधी ‘अरे देवा’ निघालं असेल का? निघालं असेलही. त्यानं त्याचा खटला हलका झाला नसता.

डेस्कवरची अडचण

आम्हा बातमीवाल्यांना हा फरक सगळ्यात जास्त नडतो तो निधनाच्या बातमीत. कुणी ज्येष्ठ विवेकवादी गेले की आलेल्या मजकुरात हटकून ‘देवाज्ञा झाली’ किंवा ‘कैलासवासी’ सापडतं. आयुष्यभर देवाची आज्ञा नाकारणाऱ्याला शेवटी ती झालीच म्हणायचं! मी एकदा असा ‘कै.’ तसाच जाऊ दिला होता. अर्ध्या तासात त्यांच्या मुलीचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता. एवढंच म्हणाल्या, ‘‘बाबांना हे आवडलं नसतं, काढता येईल का?’’ तेव्हापासून मी ‘निधन’ आणि ‘आदरांजली’ एवढ्यावर राहतो. ‘श्रद्धांजली’मधली श्रद्धाही पुष्कळांना खटकते, चळवळीतले लोक म्हणूनच ‘आदरांजली’ किंवा ‘अभिवादन’ लिहितात. इथं शब्द निसटत नाही. कुणी तरी टाइप करतं, कुणी तरी तपासतं, मग छापतं. म्हणून इथं चूक ही चूक असते.

रुग्णालयातल्या त्या दिवसाबद्दल वाचताना मला डॅनियल डेनेट सापडले. अमेरिकेतले नामवंत तत्त्वज्ञ, पक्के नास्तिक. 2006 मध्ये त्यांच्या हृदयाची महाधमनी फाटली, नऊ तास शस्त्रक्रिया चालली. बरे होताच त्यांनी याच विषयावर लेख लिहिला. मरणाच्या दारात देव आठवला का, असं लोक विचारत होते. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की, मलाही आभार मानावेसे वाटले, पण ज्यांनी खरोखर काही केलं त्यांचे. सर्जन, भूलतज्ज्ञ, रात्रभर जागलेल्या नर्स, ते यंत्र बनवणारे, त्यामागचं संशोधन तपासून पाहणारे अनोळखी शास्त्रज्ञ. ‘आम्ही तुमच्यासाठी प्रार्थना केली’ म्हणणाऱ्या मित्रांवर ते रागावले नाहीत, मात्र सोबत एखादा बोकडही कापलात का, असं विचारायचा मोह त्यांना आवरावा लागला.

मला त्यांचा युक्तिवाद पटतो. तेवढ्यासाठी मी ‘देवा’ म्हणणं सोडीन असं मात्र नाही. डेनेट यांनी तो लेख शुद्धीवर, टेबलाशी बसून लिहिला. मी लिफ्टसमोर उभा होतो.

आत्याला हे सगळं मी दिवाळीत सांगितलं. ब्रोका, बर्फाचं पाणी, बिग बेन, सगळं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं, चकलीचा घाणा उलटला आणि म्हणाली, ‘‘एवढं वाचलंस, त्यापेक्षा एकदा हात जोडले असतेस तर बोटं झिजली असती का?’’

गेल्या महिन्यात बाबांची तपासणी होती. रिपोर्ट चांगले आले. डेनेट यांचं ऐकून मी डॉक्टरांना म्हटलं, ‘‘सर, तुमच्यामुळे बाबा उभे आहेत. थँक्यू.’’

डॉक्टरांनी हातातलं पेन छताकडे केलं. ‘‘आम्ही कोण? सगळी त्याची कृपा.’’

बाबांनी हात जोडले. मी पुढच्या तपासणीची तारीख लिहून घेतली.